मागे जाण्यास बंदी

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माणसाला निदान शिव्या तरी मिळतात. ती प्रश्नपत्रिका संगणकाच्या पडद्यावर कशी दिसावी, एका पानावर एक प्रश्न असावा की दहा, पुढे कसे जावे, मागे येऊ द्यावे की नाही, हे ठरवणाराही कोणीतरी असतो, याची जगाला दादच नसते. मी या दुसऱ्या जातीचा माणूस. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि संगणक-कक्ष रिकामा असला की इतर संस्थांच्या परीक्षा तेथे मांडून देतो. ज्या परीक्षेने मला प्रसिद्धी मिळवून दिली ती मोठ्या रुग्णालयाची होती. परिचारिकांमधून पाच वॉर्डप्रमुख निवडण्याची.

अडचण एकच होती. परीक्षेला बसणाऱ्या परिचारिकांमध्ये माझी पत्नी होती.

ही तिची शेवटची संधी. पहिल्या वेळी ती थोडक्यात हुकली होती, दुसऱ्या वेळी तापाने फणफणली होती, आणि यापुढे वयाची अट आड येणार होती. हुकली असती तर जिला शीर कशी शोधावी हे तिने हात धरून शिकवले, त्या मुलीच्या हाताखाली तिला निवृत्तीपर्यंत काम करावे लागले असते. ती मुलगी चांगली होती, हे विशेष क्लेशदायक होते. वाईट वरिष्ठाला निदान मनातल्या मनात बोलता येते.

मी तडक प्राचार्यांकडे गेलो आणि नाते उघड केले. आम्हा शास्त्रज्ञांत ही पद्धतच आहे; मोजमापात स्वतःचा संबंध असेल तर तो आधी सांगायचा.

प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "प्रश्न तुम्ही काढताय का?"

"नाही. ते रुग्णालयाकडून बंद येणार. मी फक्त मांडणी करणार."

"मग झालं तर! तुम्ही चौकट लावणार. चौकटीला बायको नसते." आपल्याच वाक्यावर ते क्षणभर खूष झाले. "मात्र परीक्षा चालू असताना तुम्ही कक्षात पाऊल टाकायचं नाही. बाहेर काचेपाशी बसा."

घरी पत्नीने याहून कडक अट घातली. "अहो, त्या परीक्षेबद्दल एक अक्षर मला सांगायचं नाही. मी पास झाले तर लोक म्हणतील नवऱ्याने केलं. नापास झाले तर म्हणतील, नवरा असून जमलं नाही. निदान मला तरी माहीत असू दे की मी माझ्या जिवावर बसले."

मी कबूल केले. त्या दिवसापासून आमच्या घरात संगणक हा शब्द निषिद्ध झाला.

आता मांडणीचे बघा. कक्षातील टेबले एकमेकांना खेटून आहेत आणि शेजारणीच्या पडद्यावर नजर टाकायला मान वळवावी लागत नाही, डोळे पुरतात. म्हणून मी शिफारस केली की प्रश्न प्रत्येकीला वेगळ्या क्रमाने यावेत, एका वेळी एकच दिसावा, आणि एकदा पुढे गेल्यावर मागे येता येऊ नये. या शेवटच्या सोयीला त्या प्रणालीत 'मागे जाण्यास बंदी' असे रोखठोक नाव आहे. रुग्णालयाच्या प्रशासन अधिकाऱ्यांना बंदी हा शब्द फार आवडला. शिफारस मंजूर झाली.

मंजुरी हातात घेऊन मी घरी आलो, तर पत्नी कादंबरी वाचत होती. शेवटचे प्रकरण. पहिली प्रकरणे अजून वाचायची होती.

संसाराला इतकी वर्षे झाली तरी ही गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नव्हती? ही बाई प्रत्येक गोष्ट शेवटाकडून सुरू करते. वॉर्डात फेरी शेवटच्या खाटेपासून. धुतलेले कपडे घडी करताना ढिगाच्या तळाशी हात. प्रश्नपत्रिका तर ती आधी पूर्ण चाळते, शेवटपर्यंत, आणि मग उलट दिशेने सोडवत वर येते. "शेवट कुठे आहे ते कळलं की जीव शांत होतो," हे तिचे तत्त्वज्ञान. कागदावर ते खपून जाते. मी मांडलेल्या परीक्षेत तिने एकदा शेवटपर्यंत चाळले की तिची उत्तरपत्रिका कोरी राहणार होती, आणि तिला कोरी ठेवण्याची व्यवस्था मी स्वतः, सकारण, मुद्देसूद टिपण लिहून, मंजूर करून घेतली होती.

सांगावे तर वचनभंग. बंदी उठवावी तर पक्षपात. मी तिसरा मार्ग स्वीकारला. जेवताना अन्न माझ्या घशाखाली उतरेना.

"काय होतंय तुम्हाला?" तिने विचारले. "नाडी बघू."

नाडी जलद होती. तिने मला दोन दिवस चहा बंद केला.

अशा मनःस्थितीत माणसाने विज्ञानाला शरण जावे. मी ठरवले की निदान मांडणीचे बाकीचे सगळे इतके निर्दोष करायचे की कोणाला बोट ठेवायला जागा उरू नये. त्यासाठी नमुना-परीक्षा घेतली. प्रयोगाचे विषय म्हणून जिन्यातले शेजारी मिळाले. वरच्या मजल्यावरचे विमावाले काका, म्हणजे विमा कंपनीतून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि तळमजल्यावरच्या दंतवैद्य बाई. पत्नी कामावर गेल्यावर मी दोघांना आमच्या बाहेरच्या खोलीत बसवले आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले.

"अक्षर फार बारीक आहे," काका म्हणाले.

मी मोठे केले.

"अजून."

अजून केले. आता एका पडद्यावर अर्धाच प्रश्न मावू लागला.

"हे झकास. पण प्राध्यापक, या कोपऱ्यातलं घड्याळ काढा. ते धावायला लागलं की मला आमच्या साहेबाची आठवण येते."

"घड्याळ ठेवा," दंतवैद्य बाई म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला किती वेळ राहिला ते सांगितलं नाही की तो बोट चावतो. माझं."

"अहो, चावून घ्या! पण परीक्षार्थीला कशाला धाप लावता?"

"तुम्हाला धाप जिन्याने लागली आहे, काका. घड्याळाने नाही."

वाद विकोपाला गेला. मी घड्याळ फक्त शेवटच्या टप्प्यात दिसेल असा मध्यम मार्ग काढला. दोघेही समान नाराज झाले. संख्याशास्त्रात यालाच समतोल म्हणतात. जाताना काकांनी दारात थांबून आवाज खाली आणला. "वहिनींचं काय ते मार्गी लावा हो. नवरा तिथेच बसलाय म्हटल्यावर…"

"काका!"

"मी काय म्हणतोय, मी काहीच म्हणत नाही." आणि ते डोळा मिचकावून जिना चढू लागले. माझ्या सचोटीचा असा अपमान त्या जिन्यात पूर्वी कधी झाला नव्हता.

पुढचा अडथळा सूचनांच्या पानाचा. मी एकच सूचना लिहिली होती: 'एकदा पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परत येता येणार नाही.' मूळ विचार असा की निदान ही ओळ परीक्षेच्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांसमोर येईल, आणि सर्वांमध्ये माझी पत्नीही येते. माझ्या आशेचा हा एकमेव धागा होता. पान मंजुरीसाठी प्रशासन अधिकाऱ्यांकडे गेले आणि तेथे ते बाळसे धरून परत आले. त्यात वाहने कोठे लावावीत हे आले. गणवेशाचा रंग आला. भ्रमणध्वनी, पर्स, पाण्याची बाटली, ओळखपत्राची दर्शनी बाजू, सगळे आले. माझी ओळ पादत्राणे आणि प्रसाधनगृह यांच्यामध्ये चेंगरून बसली होती.

"साहेब, एवढं कोणी वाचणार नाही," मी फोनवर म्हणालो. "माझी ओळ वर घेऊ या का?"

"सर, सूचनांचा क्रम वरिष्ठांनी ठरवलाय. आणि खाली 'वाचले व समजले' अशी खूण करायची आहे ना? मग कायद्याने सगळ्यांनी वाचलेलंच आहे."

मी फोन ठेवला.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी उमेदवाराचे खाते उघडून शेवटची चाचणी घेतली. पुढे गेलो, मागे येण्याचा प्रयत्न केला, प्रणालीने नकार दिला. मागे उभ्या असलेल्या रसायनशास्त्राच्या बाई, ज्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी कक्षातील देखरेख होती, चहाचा कप हातात धरून बघत होत्या.

"पण सर, बंदीमुळेच अडलं कशावरून? त्या माउसचं बटण बिघडलेलं असेल तर?"

सामान्य माणसाने असल्या शंकेकडे दुर्लक्ष केले असते. पण शंका रास्त होती, आणि रास्त शंकेला मी पाठ दाखवत नाही. मी बंदी उठवली, पुन्हा उमेदवार होऊन पुढे गेलो, मागे आलो. अलगद आलो. म्हणजे माउस शाबूत होता आणि अडवणारी ती बंदीच होती. याला नियंत्रित प्रयोग म्हणतात. मी तो बाईंना सविस्तर समजावून सांगितला, त्यांनी कप ठेवला, मी संगणक बंद केला, खोलीला कुलूप लावले आणि कर्तव्यपूर्तीच्या समाधानात घरी गेलो.

परीक्षेचा दिवस. मी काचेबाहेर. समोर देखरेखीचा पडदा. त्यावर प्रत्येक उमेदवारासाठी चौकोनांची एक आडवी ओळ. प्रश्न सोडवला की चौकोन हिरवा, न सोडवता पुढे गेले की राखाडी. नावे नाहीत, फक्त आसनक्रमांक. पत्नीचा क्रमांक मी कराराप्रमाणे विचारलेला नव्हता. काचेतून तिचा अंबाडा दिसत होता आणि तो ताठ होता. एवढीच माझी माहिती.

सूचनांचे पान उघडले. कक्षभर 'वाचले व समजले' चा टपटप आवाज झाला, पावसाच्या पहिल्या थेंबांहून अधिक वेगाने. कोणीही वाचले नाही, हे मी काचेबाहेरूनही शपथेवर सांगू शकलो असतो.

चौकोन हिरवे होऊ लागले. दोन ओळींनी माझे लक्ष वेधले. एक ओळ अजिबात हलत नव्हती. पहिलाच प्रश्न, पहिलाच कोरा चौकोन. इतर पुढे गेले तरी ही बाई तेथेच. मी तिला मनातल्या मनात दगड म्हणालो आणि तिच्या नवऱ्याची कीव केली.

दुसरी ओळ मधोमध होती. तिचा पहिला चौकोन राखाडी झाला. दुसरा राखाडी. तिसरा. चौथा.

ती चाळत होती. शेवट शोधत होती.

मी काचेला नाक लावले. अंबाडा किंचित पुढे झुकलेला. राखाडी, राखाडी, राखाडी. मी काचेवर टकटक केली. कक्षातल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी वर पाहिले. मी हातांनी 'थांबवा' अशी खूण केली. त्यांनी पंखा मंद केला. मी जोरजोराने मान हलवली. त्यांनी पंखा वाढवला.

मी प्राचार्यांच्या खोलीकडे धावलो. माझ्या वयाला आणि हुद्द्याला धावणे शोभत नाही, हे मला धावतानाही जाणवत होते.

"सर, एक उमेदवार न वाचता पुढे चालली आहे. परत येता येणार नाही. सगळं कोरं जाईल. सूचना तोंडी देण्याची परवानगी द्या."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"कोण उमेदवार?"

मी बुटांकडे पाहिले. प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बसा," ते म्हणाले. "पाणी प्या. तुम्ही आता जे मागताय ते तुम्हीच दोन महिन्यांनी कोणी केलेलं ऐकलंत, तर काय म्हणाल?"

मी काय म्हटले असते ते मला अचूक ठाऊक होते. मी पाणी प्यालो नाही. परत आलो.

राखाडी रांग शेवटच्या चौकोनाशी पोचली होती. एक बाई शांतपणे, स्वतःच्या जन्मजात पद्धतीने, स्वतःचे आयुष्य माझ्या यंत्रात घालून बसली होती. पडद्याच्या कोपऱ्यात मांडणीचे दालन होते. एका टिचकीवर बंदी उठली असती. ती टिचकी मी मारली नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. बोट उचलले होते, आणि तेवढ्यात शेवटचा चौकोन हिरवा झाला.

मग त्याच्या अलीकडचा.

मग त्याच्याही अलीकडचा.

ती मागे येत होती. हिरवी होत होत मागे येत होती! माझ्या तोंडून आनंदाचा जो आवाज निघाला तो शिपायाने जिन्यात ऐकला. आणि त्या आवाजाच्या शेवटी शेवटी माझ्या लक्षात आले की हे अशक्य आहे. मागे येताच कसे येते? मी मांडणीचे दालन उघडले. 'मागे जाण्यास बंदी: नाही.' काल माउस शाबूत असल्याचे मी सिद्ध केले होते. सिद्ध करून, बंदी पुन्हा न लावता, संगणक बंद केला होता.

आता लावावी, तर ज्यांनी ज्यांनी राखाडी चौकोन मागे सोडले होते त्या सर्व अडकणार. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो आणि परीक्षा संपेपर्यंत तसाच बसलो.

फाटकाशी पत्नी तिच्या धाकट्या मैत्रिणीबरोबर उभी होती. तीच ती, शीर शोधायला शिकलेली मुलगी. पत्नीचा चेहरा उतरलेला.

"पेपर कसा गेला?" मी विचारले. करार संपला होता.

"पहिलाच प्रश्न अडला हो. औषधाच्या मात्रेचा. सोडला तर कायमचा गेला, परत येता येणार नाही. म्हणून त्याच्यावरच बसून राहिले. शेवटी घड्याळ दिसायला लागलं तेव्हा भराभर सोडवत सुटले. शेवटचे चार-पाच राहिले."

मी ज्या दगडाच्या नवऱ्याची कीव केली होती, तो कोण हे मला कळले.

"कायमचा कशाला जाईल, ताई?" ती मुलगी निरागसपणे म्हणाली. "मी तर तुम्ही शिकवलंत तसंच केलं. आधी सगळं चाळलं, मग शेवटून सोडवत आले. मस्त मागे येता येत होतं."

"सूचनांमध्ये लिहिलं होतं, येता येणार नाही म्हणून. चपलांच्या खाली."

"तुम्ही वाचल्या त्या?"

"ह्यांनी केलंय म्हटल्यावर वाचल्या. ह्यांच्या वस्तूला हात लावण्याआधी मी नेहमी वाचते."

मग तिने माझ्याकडे पाहिले. थेंब पडायचे थांबलेल्या सलाईनकडे ती अशीच पाहते.

आम्ही घरी निघालो. मी नियंत्रित प्रयोगाचे महत्त्व समजावण्याचा दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिने हात वर केला.

"म्हणजे सगळ्या जगाला मागे येता येत होतं आणि तुमचं ऐकणारी मी एकटी अडकले."

"तांत्रिकदृष्ट्या…"

"मी तक्रार करणार."

"कोणाविरुद्ध?"

"घरात दुसरं कोण आहे?"

तक्रारीचा मसुदा मीच लिहिला, कारण त्रुटीचे नेमके वर्णन मलाच येत होते. 'संबंधित प्राध्यापकांच्या अनवधानाने' असे मी लिहिले. तिने 'अनवधानाने' खोडून 'निष्काळजीपणाने' केले. मी तडजोड म्हणून 'अतिदक्षतेने' सुचवले. 'निष्काळजीपणाने' कायम राहिले.

चौकशीला मी, प्राचार्य आणि प्रशासन अधिकारी.

"दोनच शक्यता दिसतात," अधिकारी म्हणाले. "एक, सरांनी पत्नीच्या सोयीसाठी बंदी मुद्दाम काढली. दोन, सर विसरले."

मी ताठ बसलो. "तिसरी आहे. मी एक नियंत्रित प्रयोग केला, आणि त्याची दुसरी अवस्था…"

"म्हणजे विसरलात," प्राचार्य म्हणाले.

आयुष्यात प्रथमच मला स्वतःला मूर्ख सिद्ध करण्यासाठी पुरावा शोधावा लागत होता. तो पत्नीच्या ओळीने दिला. पहिल्या प्रश्नावर थिजलेली ती ओळ अधिकाऱ्यांनी बराच वेळ पाहिली. "नवऱ्याने कानात सांगितलं असतं, तर ही बाई इथे एवढी बसली असती का?" त्यांनी सुस्कारा सोडला. "सर प्रामाणिक आहेत." हे वाक्य मी इतक्या दुःखी स्वरात कधी ऐकले नव्हते.

फेरपरीक्षा ठरली. मांडणी रसायनशास्त्राच्या बाईंकडे गेली. मला परवलीचा शब्द त्यांच्या स्वाधीन करावा लागला. त्यांनी टेबले एकमेकांपासून दूर सरकवली, बंदी काढली आणि सूचनांच्या पानावर वरिष्ठांशी भांडून 'मागे येता येईल' ही एकच ओळ ठेवली. टेबले सरकवता येतात, हे इतका वेळ कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. मला त्या दिवशी महाविद्यालयाच्या आवारातही न येण्याची विनंती होती. जिन्यात विमावाले काका भेटले. "दुसऱ्यांदा परीक्षा घ्यायला लावलीत! मानलं, प्राध्यापक. असं करायला डोकं लागतं." मी खुलासा सुरू केला. त्यांनी डोळा मिचकावला.

निकाल फोनवर आला तेव्हा पत्नी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. गुणानुक्रमे यादी होती. तिने बोटाने ती सरसर ओढून तळाशी नेली आणि खालून वाचायला सुरुवात केली.

"अगं, वरून वाच ना!"

"गप्प बसा."

एकेक नाव वर सरकत होते. अनुत्तीर्ण नावे संपली. तिचे नाव त्यात नव्हते. काठावरची संपली. त्यातही नव्हते. माझी नाडी तिने पाहिली असती तर मला चहा कायमचा बंद झाला असता. बोट वर, आणखी वर. मधली सगळी संपली. यादीत नावच नसेल तर, या शक्यतेपर्यंत मी पोचलो होतो. वर दोनच ओळी उरल्या.

बोट थांबले. ओट्याची कड तिने घट्ट धरली. मग फोन माझ्या हातात दिला.

"दुसरी. पहिली आमची धाकटी मैत्रीण." तिने डोळे पदराने नाही, हातातल्या फडक्याने टिपले. "आता तुम्ही वरून वाचा. तुमचं ते असतं ना, उलट करून बघायचं."

मी वरून वाचले. दुसऱ्याच ओळीवर ती होती. तरी मी तळापर्यंत गेलो, तेथून पुन्हा वर आलो. दोन्ही दिशांनी निष्कर्ष एकच निघाला. मग कोठेही बोट न लावता, दोन्ही हातांनी, मी तो फोन तिला जसाच्या तसा परत दिला.